वाचवलेल्या मुलीचे पुढे काय?

आमच्या सल्ला केंद्रात दर सोमवारी सकाळी आठवड्याच्या कामाची आखणी होते. अशाच एका बैठकीत मी जांभयांवर जांभया देत होते. आमच्या ज्येष्ठ ताईंनी काळजीने विचारले, ‘बरं नाही का गं तुला?’ खोटे बोलवेना. म्हटले, ‘तसं काही नाही, ताई. रात्री दोनपर्यंत खेळत बसले होते. व्हिडिओ गेम.’ ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘ते मारामारीचे? तलवारी-बिलवारी? अगं, आपण जन्मभर हिंसेविरुद्ध बोलायचं आणि घरी जाऊन तू हे करायचं?’ सगळ्याजणी हसल्या. मीही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. हा लेख म्हणजे ताईंना तेव्हा न दिलेले उत्तर आहे. त्यात थोडी तक्रारही आहे, त्या खेळाबद्दलची आणि आपल्या कामाबद्दलचीही.

सुरुवात भाच्यामुळे झाली. बहीण आणि तिचा नवरा नोकरीनिमित्त वर्षभर बाहेरगावी होते, म्हणून तो माझ्याकडे राहायला होता. वय सोळा, अकरावी, आणि सामानात कपड्यांपेक्षा जड असा त्याचा कॉम्प्युटर. मी मनात म्हटले होते की याला जरा वाचायला लावू, एखाद्या शिबिराला नेऊ. झाले उलटेच. १३ डिसेंबर २०२४ च्या सकाळी त्याने मला पोळ्या लाटताना ओढत नेले. ‘मावशी, हे बघ. तुमच्या संघटनेला आवडेल.’

अमेरिकेत आदल्या रात्री खेळांच्या एका मोठ्या पुरस्कार सोहळ्यात पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने ‘द विचर ४’ या नव्या खेळाची घोषणा केली होती. त्याची सुमारे सहा मिनिटांची चित्रफीत भाचा मला दाखवत होता. विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा भटका शिकारी. पोलिश लेखक आंद्झेय सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांमधून हे जग आले. त्यावर २००७, २०११ आणि २०१५ साली तीन खेळ निघाले. तिन्हींचा नायक गेराल्ट नावाचा पांढऱ्या केसांचा विचर. चौथ्यात मात्र नायकाची जागा सिरीकडे येणार आहे. सिरी ही गेराल्टने लेकीसारखी वाढवलेली मुलगी.

चित्रफितीत असे होते. एका खेड्यात दरवेळी एक मुलगी राक्षसाला अर्पण करण्याची प्रथा आहे. यंदाच्या मुलीला डोक्यावर फुलांचा मुकुट घालून, सजवून जंगलात पाठवले जाते. गावकरी रडतही असतात आणि पाठवतही असतात. हे दृश्य ज्यांनी आपल्याकडची लग्ने थांबवली आहेत त्यांना नवे नाही. वाटेत सिरी त्या मुलीला अडवते, घरी जा म्हणते, आणि स्वतः जाऊन त्या राक्षसाशी झुंजते. राक्षसाचे नाव बाऊक. सर्बियन लोककथांत पोरांना भीती घालायला वापरतात तो, म्हणजे आपल्या बागुलबुवाचाच भाऊबंद. सिरी त्याला मारते. दमून, जखमी होऊन गावात परतते. तर ती मुलगी मेलेली. परत आलेली मुलगी गावाला नको होती. गावानेच तिला मारले.

भाचा म्हणाला, ‘ती पोरगी मूर्खच आहे. परत कशाला गेली?’

मी म्हटले, ‘जाणार कुठे रे ती?’

तो गप्प बसला. मीही. पोळी करपली ती वेगळीच.

नवा खेळ २०२६ साल संपायच्या आत येणार नाही, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणजे तयारीला भरपूर वेळ. भाच्याने फर्मान काढले की तोवर मी तिसरा खेळ, म्हणजे २०१५ चा ‘द विचर ३: वाइल्ड हंट’, पुरा करायचा, नाहीतर सिरी कोण, तिचे काय झाले, हे कळणार नाही. मी हो म्हटले. मुख्य कथा तेवढी पुरी करायलाच पन्नासेक तास लागतात, आडवाटांची कामे घेतली तर शंभराच्या वर, हे त्याने मला नंतर सांगितले.

ज्या मैत्रिणींनी हे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. या प्रकाराला ‘ॲक्शन रोल-प्लेइंग’ खेळ म्हणतात. आपण एका पात्राच्या कातडीत शिरतो. लढाई आपल्याच बोटांनी लढायची असते, त्यामुळे हात चालावा लागतो. पण मधल्या काळात माणसांशी बोलायचे असते. समोर दोन-तीन उत्तरे येतात, त्यातले एक निवडायचे, आणि त्या निवडीचे परिणाम वीस तासांनंतर भोगायचे. केलेल्या कामातून अनुभव साठतो, त्यातून नवी कौशल्ये मिळतात.

विचरच्या खेळात मला सर्वांत आवडली ती लढाईआधीची तयारी. राक्षस दिसला की तलवार उपसून धावलात तर मेलात. आधी पायाचे ठसे बघायचे, प्रेत कुठे पडले होते, जखम कशी होती, गावात कोणाकोणाशी बोलता येईल, लोक काय लपवताहेत हे पाहायचे. मग नोंदवहीत त्या जातीच्या राक्षसाचे वर्णन वाचायचे, तलवारीला कोणते तेल लावायचे, कोणता काढा प्यायचा ते ठरवायचे. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात गृहभेटीची तयारी शिकवतात ती याहून फार वेगळी नसते. फरक एवढाच की आमच्याकडे तेल नाही, आणि राक्षस चहा विचारतो.

आता त्या घोषणेवर जो गदारोळ झाला त्याबद्दल. सिरी नायिका म्हणून आली, तर जगभरच्या कितीतरी पुरुषांच्या पोटात दुखू लागले. तिचा चेहरा सुंदर नाही, कंपनी स्त्रीवाद्यांपुढे झुकली, आणि मुख्य म्हणजे बाई विचर होऊच शकत नाही. का? तर विचर होण्यासाठी मुलाच्या शरीरावर विषारी वनस्पतींचे प्रयोग करतात, त्यातून मुलगेसुद्धा क्वचितच जगतात, मुली तर नाहीच. जे मुळातच कोणीतरी रचलेले आहे त्याला निसर्गाचा नियम म्हणून पुढे करायचे, ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. गेराल्टला इंग्रजीत आवाज देणाऱ्या डग कॉकल यांनी या आरडाओरड्याला जाहीर उत्तर दिले. पण असल्या गर्दीला उत्तराशी देणेघेणे नसते. याच गर्दीने २०१४ साली खेळांतल्या स्त्रीचित्रणाची चिकित्सा करणाऱ्या अनिता सार्कीझियन यांना इतके छळले की गोळीबाराच्या धमकीमुळे त्यांना युटा राज्यातल्या विद्यापीठातले व्याख्यान रद्द करावे लागले होते.

मी स्वतः या वादात फार रमत नाही. बाईच्या हातात तलवार देणारे खेळ आधीही होते. डच कंपनीच्या ‘होरायझन झीरो डॉन’मध्ये (२०१७) ॲलॉय आहे. आपल्या पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’मध्ये (२०२०) रक्षाबंधनाच्या दिवशी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला बहीणच सोडवायला निघते. आणि ज्यांना सिरीचे नायिका होणे हा परंपरेचा भंग वाटतो त्यांनी हेही आठवावे की याच मालिकेच्या २००७ च्या पहिल्या खेळात गेराल्ट ज्या ज्या बाईशी संबंध ठेवी, तिच्या चित्राचा एक पत्ता खेळणाऱ्याला मिळे. पोरे क्रिकेटपटूंचे पत्ते जमवतात तसे. ती परंपरा मोडली असेल तर बरेच झाले.

तेव्हा नायिका हवी की नको, हा माझ्या लेखी मिटलेला प्रश्न आहे. मला छळतो तो त्या फुलांच्या मुकुटवाल्या मुलीचा प्रश्न. आणि तयारी म्हणून जुना खेळ खेळता खेळता तोच प्रश्न दोन ठिकाणी असा समोर आला की मला माझ्या कामाच्या फायली पुन्हा उघडाव्याशा वाटल्या.

पहिले ठिकाण म्हणजे बॅरनचे प्रकरण. हा खेळ ज्यांनी खेळला आहे ते याचे नाव काढताच हळवे होतात. युद्धाने उजाड झालेल्या प्रदेशात एक दांडगा, दारुडा, पण बोलायला मोकळाढाकळा असा सरदार गढी बळकावून बसला आहे. त्याची बायको ॲना आणि मुलगी तमारा घरातून नाहीशा झाल्या आहेत. गेराल्ट सिरीच्या शोधात तिथे येतो. सरदार म्हणतो, माझ्या बायकापोरीला शोध, मग सिरीचे सांगतो. आपण घर तपासायला लागतो. सांडलेली दारू, झटापटीच्या खुणा, रक्त. हळूहळू कळते की हा दारू पिऊन बायकोला मारत असे. शेवटच्या मारहाणीच्या वेळी ती गरोदर होती, मूल गेले, आणि त्याने ते संस्काराविना पुरले.

इथवर खेळाचे मी कौतुकच करीन. मारणारा नवरा म्हणून त्यांनी खलनायक रंगवलेला नाही. आमच्या केंद्रात येणारे नवरे असेच असतात. हसतमुख, रडवे, येताना पेढे आणणारे. गेलेल्या मुलाला नाव देऊन उंबऱ्याखाली पुरण्याचा प्रसंग आहे, तो पाहताना माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही.

पण मग बॅरन बोलू लागतो. आणि बोलतच राहतो. लढाईवरून परतलो तर हिचे दुसऱ्याशी जमलेले होते. मी त्याला मारले. ही कुठे काय टोचायचे ते बरोबर जाणून होती. मी प्रेमच करत होतो. मी आता सुधारेन. आपण गेराल्ट म्हणून ऐकत राहतो. फटकारायची सोय आहे, पण त्याची कैफियत संपल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला. त्याखालच्या २००६ च्या नियमांपैकी चौदावा नियम मला पाठ आहे, कारण तो आम्हालाच पाळायला सर्वांत जड जातो. समुपदेशनात हिंसा करणाऱ्याला त्या हिंसेचे समर्थन मांडू द्यायचे नाही, आणि हे त्याला बैठक सुरू होण्याआधीच सांगायचे. वाचताना वाटते, यात काय विशेष? प्रत्यक्षात किती केंद्रांत हे होते? ‘त्यांचीही बाजू ऐकली पाहिजे’ म्हणत म्हणत आपण दीड तास त्याचीच बाजू ऐकतो, आणि बाई कोपऱ्यात पदर पिळत बसते.

ॲनाची बाजू कुठे आहे? तिला तो गर्भ नको होता. ते पोट सुटावे म्हणून तिने दलदलीतल्या जादूगारणींशी करार केला, आणि त्याची किंमत म्हणून तिला त्यांची चाकरी करावी लागते. आपण तिला गाठतो तेव्हा ती अर्धीमुर्धी भ्रमिष्ट झालेली, अनाथ पोरांना सांभाळणारी म्हातारी दिसते. गेलेल्या गर्भाला या खेळात नाव मिळते, विधी मिळतो. तो नको म्हणणाऱ्या बाईला मात्र शिक्षा मिळते. (आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. सज्ञान बाईची एकटीची संमती त्याला पुरते. तरी नवऱ्याची सही मागणारे दवाखाने अजून कमी नाहीत, तेव्हा पोलंडच्या कथेला एकटीला नावे ठेवण्यात अर्थ नाही.)

पुढे आपल्यापुढे एक निवड येते. झाडात कोंडलेल्या एका आत्म्याला सोडायचे की मारायचे. सोडला तर अनाथ पोरे वाचतात, पण ॲना शापाने मरते आणि बॅरन झाडाला गळफास घेतो. मारला तर पोरे जातात, ॲना वेडी होऊन जगते, आणि बॅरन तिला घेऊन दूर डोंगरात एका वैद्याकडे निघतो. बहुतेक खेळणाऱ्यांना त्यातल्या त्यात हा दुसरा शेवट बरा वाटतो. निदान नवरा-बायको एकत्र आली!

मी हे दोन्ही शेवट पाहिले. दोन्हींत एक गोष्ट सारखीच आहे. ॲनाला कोणी विचारत नाही. तिने ज्याच्यापासून जीव मुठीत धरून पळ काढला, तिला शुद्ध नसताना त्याच्याच हाती सोपवतात, आणि ते दृश्य करुण-गोड संगीतावर संपते. आमच्या भाषेत याला ‘समेट घडवून प्रकरण बंद’ म्हणतात. मुलगी तमारा तेवढी शहाणी निघाली. ती दुसऱ्या शहरात निघून गेली आणि बापाचे तोंड पाहायला तयार नव्हती.

मी चिडून कंट्रोलर आपटला तेव्हा भाचा म्हणाला, ‘मावशी, तू बॅरनवर एवढी का चिडतेस? तो सॉरी म्हणतोय ना!’

हे वाक्य मी केंद्रात सासवांकडून ऐकले आहे, हवालदारांकडून ऐकले आहे, एकदा एका वकीलबाईंकडूनही ऐकले आहे. सोळा वर्षांच्या, एरवी समंजस, स्वतःचे ताट स्वतः घासणाऱ्या मुलाकडून ऐकताना पोटात कालवले. मे २०२५ पर्यंत या खेळाच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. आपल्या किती पथनाट्यांना, किती शिबिरांना इतके प्रेक्षक मिळाले? मुलगे तासन् तास कुठे बसतात, तिथे कोणाबद्दल कळवळा शिकतात, हे आपण बघायला जात नाही. मारामारीचे खेळ म्हणून दार लावून घेतो. ताईंना हेच सांगायचे होते मला.

दुसरे ठिकाण सिरीचे. आणि इथे तक्रार माझीच माझ्याबद्दल आहे.

सापकोव्स्कींच्या कादंबरीत लहानपणची सिरी विचरांच्या गडावर वाढते. तिथे सगळे पुरुष. ते तिला जीव लावतात, तलवार शिकवतात, मुलांसारखे कपडे घालतात. ट्रिस नावाची चेटकीण पाहुणी म्हणून येते तेव्हा तिच्या ध्यानात येते की या भल्या माणसांना मुलीला पाळी येते याचा पत्ताच नाही. त्या दिवसांतही तिच्याकडून कसरती करून घेताहेत. ट्रिस त्यांची चांगली हजेरी घेते. प्रेम भरपूर, पण विचारायचे सुचलेच नाही, हे दुखणे या कथेच्या मुळापासून आहे.

तिसऱ्या खेळात सिरी मोठी झालेली आहे, आणि आपण तिच्या पालकाच्या, गेराल्टच्या भूमिकेत असतो. शेवटच्या टप्प्यात पाच-सहा साधेसुधे प्रसंग येतात. तिचा गुरू मारला गेला आहे, ती खचली आहे. तिला ‘सगळंच आपल्याला जमत नसतं’ असे समजवत बसायचे, की बर्फात खेळायला न्यायचे? सत्ताधारी चेटकिणींच्या सभेत तिला जायचे आहे. तिच्यासोबत आत जायचे, की तिला एकटीला जाऊ द्यायचे? ज्याने तिच्यापासून गोष्टी लपवल्या त्याची प्रयोगशाळा तिला फोडाविशी वाटते. शांत हो म्हणायचे, की फोड म्हणायचे? तिच्यासाठी जीव गमावलेल्या एका मुलाच्या थडग्याशी तिला जायचे आहे. वेळ नाही म्हणायचे, की चल म्हणायचे? तिचा जन्मदाता बाप सम्राट आहे. त्याच्याकडे नेले तर तो मुलगी आणून दिल्याचे पैसे पुढे करतो. ते घ्यायचे का?

यातल्या कशालाही खेळ ‘महत्त्वाचा निर्णय’ म्हणून पाटी लावत नाही. मी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती. मी काय केले असेल? मी तिला समजावले. मी सभेत तिच्यासोबत गेले, एकटी कशी पाठवणार? प्रयोगशाळेत मी तिला शांत केले. राग आवरायला शिकवणे हे तर आमचे कामच! सम्राटाचे पैसे तेवढे मी घेतले नाहीत, कारण त्याच्याकडे गेलेच नाही. प्रत्येक वेळी मला वाटत होते की आपण फार जबाबदारीने वागतो आहोत.

शेवटी सिरी एकटीच जगाचा नाश करणाऱ्या हिमाला सामोरी जाते. माझी सिरी परत आली नाही.

भाच्याची परत आली होती. त्याने बर्फाचे गोळे फेकले होते, कारण मजा वाटली. प्रयोगशाळा फोडू दिली होती, कारण फोडायला कोणाला आवडत नाही! ‘तू तिला काही करूच दिलं नाहीस, मावशी,’ तो म्हणाला. खेळाचे गणित नेमके तेच आहे. तिच्यावर विश्वास टाकला, तिच्या रागाला आणि दुःखाला वाट दिली, तर तिच्यात परत येण्याचे बळ असते. जपून-जपून ठेवले तर ती मरते.

मला त्या रात्री झोप आली नाही, आणि त्याचे कारण सिरी नव्हते.

काही वर्षांपूर्वी मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी काम करत होते. १०९८ वर फोन आला होता की अमुक गावात नववीतल्या मुलीचे लग्न आहे. ग्रामसेवक, पोलीस आणि आम्ही दोघी कार्यकर्त्या पोचलो. हळद लागलेली होती. मांडवात गोंधळ, शिव्या, बायकांची रडारड, सगळे झाले. बालविवाह प्रतिबंध कायद्याची कलमे वाचून दाखवली, लग्न थांबले. पुढची कार्यवाही म्हणून आईवडिलांनी हमीपत्र लिहून दिले की मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही, आणि मुलगी त्यांच्याच ताब्यात राहिली. आम्ही निघालो तेव्हा ती ओसरीवर उभी होती. हातावरची मेंदी तशीच. म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही गेल्यावर?’

मी म्हटले, ‘काही झालं तर लगेच फोन कर हं.’

तिच्याकडे फोन नव्हता. हे मला जीपमध्ये बसल्यावर आठवले.

त्या महिन्याच्या अहवालात ‘एक बालविवाह रोखला’ अशी नोंद मीच केली. दोन महिन्यांच्या आत तिचे लग्न मामाच्या गावी, रात्रीतून, लावून दिल्याचे कळले. अहवालातली नोंद कोणी खोडली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या आढळल्या. त्यांतल्या किती जणी आधी कोणाच्या ना कोणाच्या अहवालात ‘रोखलेल्या’ होत्या, याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

त्या दिवशी मी तिला काय हवे आहे ते विचारले नव्हते. वसतिगृहात राहशील का, मावशीकडे जायचे आहे का, शाळेतल्या कोणत्या बाईंवर तुझा भरवसा आहे, काही नाही. मी राक्षस मारला होता आणि दमले होते. घरी जा, म्हटले होते.

म्हणून त्या सहा मिनिटांच्या चित्रफितीत मला जे दिसले ते भांडणाऱ्या पुरुषांना दिसले नसावे. त्या कंपनीने आपल्या नव्या नायिकेची पहिली ओळख तिच्या अपयशाने करून दिली आहे, आणि अपयश लढाईत आलेले नाही. हे त्यांनी समजून केले असेल तर नव्या खेळाकडून मला आशा आहे. राक्षस मारल्यावर मोबदला घेऊन पुढच्या गावी निघायचे, ही विचरांची जुनी रीत. सिरीच्या खेळात त्या मुलीला बोलायला जागा असेल का? ‘तुला कुठे जायचं आहे?’ हे विचारायचा पर्याय पडद्यावर येईल का, आणि तो निवडला तर पुढे खरेच काही निराळे घडेल का? की फुलांचा मुकुट घातलेली मेलेली मुलगी ही फक्त नायिकेला चीड यावी म्हणून? आपल्या सिनेमांत नायकाच्या बहिणीवर बलात्कार होतो तो त्याला बंदूक उचलता यावी म्हणून. तलवार बाईच्या हाती गेली म्हणून ही रीत आपोआप बदलत नाही.

राहिला हिंसेचा प्रश्न. त्याचे पुरते उत्तर माझ्यापाशी नाही. दिवसभर मारहाणीच्या कहाण्या लिहून घेतल्यावर रात्री एखाद्या राक्षसाला उभा चिरताना मला बरे वाटते, हे खरे आहे. ते चांगले की वाईट, ताईंनीच ठरवावे. आणि हा खेळ एकटीने खेळायचा आहे म्हणून तेवढे तरी सुख मिळाले. दुसऱ्या एका, अनोळखी लोकांबरोबर खेळायच्या खेळात मी एकदा माइक चालू ठेवला. बाईचा आवाज ऐकताच ज्या शिव्या आल्या त्या केंद्राच्या दारात येऊन ओरडणाऱ्या नवऱ्यांच्या तोंडीही मी ऐकल्या नव्हत्या. तेव्हापासून माइक बंद.

वेळेचेही सांगते, कारण विचारणाऱ्या पुष्कळ भेटल्या. सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घरच्यांसाठी बिनमोल राबतात, पुरुष ८८ मिनिटे. शंभर तासांचा खेळ भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत संपवला होता. मला अकरा महिने लागले, आणि मी एकटी राहणारी, कमावती बाई आहे. वस्तीतल्या आमच्या मुलींना हा खेळ दाखवावा असे फार वाटते, पण ना त्यांच्या घरी असला कॉम्प्युटर, ना खेळात मराठी, ना हिंदी.

गेल्या महिन्यात ताई घरी जेवायला आल्या होत्या. भाचाही सुट्टीला आलेला. त्याने हौसेने त्यांच्यासमोर बॅरनचा प्रसंग लावला. ताई चष्मा चढवून सरसावून बसल्या. इंग्रजी भराभर चालले होते, मी मधून मधून सांगत होते. पाच मिनिटे झाली, बॅरन बोलत होता. सात मिनिटे झाली, बॅरन बोलतच होता.

‘याला कशाला एवढा वेळ बोलू देतोस रे?’ ताई म्हणाल्या. ‘बाई कुठाय?’

भाचा म्हणाला, ‘तिला नंतर शोधायचंय.’

‘आणि शोधल्यावर?’

त्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. त्याने खेळ थांबवला, जरा विचार केला आणि म्हणाला, ‘शोधल्यावर हे लोक तिला यालाच देतात, ताई. मी दुसऱ्यांदा खेळलो ना, तेव्हा मला ते बरोबर नाही वाटलं. पण तिसरा पर्यायच नाहीये.’

ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. ‘तो नवीन खेळ कधी यायचाय म्हणालास?’